कडीला तेल

दुपारचे दोन वाजून गेलेत आणि मी पलंगावर नुसती पाठ टेकते. झोपायचं नाहीये. पाचला माणसं येणार आहेत, झोपून कसं चालेल. पोहे निवडून झालेत, नारळ खवून ठेवलाय, कांदे तेवढे चिरायचे राहिलेत. धुतलेल्या पडद्यांना अजून साबणाचा वास येतोय. खाली जमिनीवर केतकी पाय पसरून बसलीय, पुढ्यात कापसाचं ताट. वाती वळतेय. रोज ती बोटं दुधात बुडवून वळते, पण आज दूध चहाला लागणार म्हणून मी तिच्या वाटीत पाणी दिलंय. तिनं वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोट बुडवलं.

केतकी माझी थोरली. तीस वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. हे दोन शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलेत की तितक्या वेळा स्वतःचं नावही घेतलं नसेल, तरी दर वेळी आधी घसा खाकरावा लागतो.

येणारी माणसं तन्मयच्या होणाऱ्या सासरची. तन्मय माझा धाकटा, पुण्याला असतो. मुलगी त्यानंच पसंत केलीय आणि तिच्याकडचे आज आमचं घर बघायला सांगलीला येतायत. तन्मयला मोठी बहीण आहे एवढं त्यांना ठाऊक आहे. ती काय करते असं विचारल्यावर हा म्हणाला, "घरीच असते." खोटं काहीच नाही त्यात. परवा फोनवर मला म्हणाला, "आई, त्या दिवसापुरतं तिला मागच्या खोलीत बसव ना. एकदा तारीख ठरली की मी सांगतो सगळं." मी "बरं" म्हटलं. त्याच्यावर चिडायला तोंड कुठे होतं मला? तो शिकला माझ्याकडूनच.

तर आज सकाळी मी मागच्या खोलीची बाहेरची कडी लावून-काढून पाहिली. कुरकुरत होती. खोबरेलात बोट बुडवून तिच्यावर फिरवलं आणि पुन्हा लावून पाहिली. आवाज गेला. केतकीचे बाबा तिथेच उभे होते. ते पिशवी घेऊन पेढे आणायला गेले. तिथून ते परस्पर नाक्यावर जाऊन तन्मयबरोबर येणाऱ्या पाहुण्यांना सामोरे जाणार आहेत.

डोळ्यांवर हात आडवा घेते. तळव्यावर तळवा घासल्याचा आवाज येतोय, केतकीचा. सर्र, मग थोडं थांबून पुन्हा सर्र. बरं वाटतं ऐकायला. मग केव्हातरी तो आवाज खालून यायचा थांबतो आणि वरून यायला लागतो.

वरच्या मजल्यावर द्वारकाकाकू पोंक्षे राहायच्या. त्यांना जाऊन दहा महिने झाले. फ्लॅटला कुलूप आहे, किल्ली त्यांच्या पुतण्याकडे. वर कोण वाती वळतंय, म्हणून मी उठते आणि जिना चढायला लागते.

पहिल्या वळणावर प्रसूतिगृहाचा वॉर्ड आहे. मला नवल वाटत नाही. डॉक्टर केतकीची दोन दिवसांची मूठ उघडून बघतायत आणि तळव्यावरची एकुलती एक आडवी रेघ दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतायत. माझ्याकडे कुणी बघत नाही. शेजारच्या खाटेवरची बाई, जिच्याकडून मी सकाळी पाण्याची बाटली मागून घेतली होती, ती आपलं बाळ अलगद उचलून भिंतीकडच्या कुशीला ठेवते. लागण व्हायची जणू.

"आधी तपासणी नव्हती का केली?" कुणीतरी विचारतं. आवाज बाईचा आहे आणि त्यात खरोखरची कळकळ आहे.

मी पुढे चढते. पुढच्या वळणावर माझीच शाळा. सव्वीस वर्षं मी जिथे चौथीला शिकवलं तोच व्हरांडा, तीच घंटा. हेडमास्तर टेबलावरचा पेपरवेट फिरवतायत. "शालनबाई, तुम्हाला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं. पण पालक तक्रार करतात हो." केतकी माझं बोट धरून उभी आहे. सहा वर्षांची, नव्या गणवेशात. शिंप्याकडे मापं द्यायला मीच नेली होती तिला, एवढी माझी खात्री होती. हेडमास्तर वाकून तिचा गाल धरतात आणि मला विचारतात, "याला कळतं का सगळं?"

याला. हिला नाही, याला. तीस वर्षं मी हे ऐकतेय. ते जेवतं का नीट? ते ओळखतं का बाबांना? दोन वेण्या घातलेली, कानात डूल असलेली पोर समोर उभी असते आणि लोक तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत राहतात. दुसरी जात गोड बोलणाऱ्यांची. ही देवाची मुलं हो, किती निर्मळ असतात, तुमचं पुण्य म्हणून तुमच्या पोटी आली. एवढं पुण्य वाटतं तर तासभर सांभाळा म्हटलं की त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं.

जिना संपतो. काकूंचं दार उघडं आहे.

"आलीस होय शालन? ये. लोटून घे दार, कापूस उडतोय."

काकू जमिनीवर बसल्यात. करड्या रंगाचं पातळ, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला. देवकापसातली सरकी काढून त्या एका बाजूला टाकतायत. पुढ्यात पितळी वाटी, वाटीत दूध. त्या गेल्यात हे मला माहीत आहे, पण तसं बोलून दाखवणं बरं दिसणार नाही असं वाटतं.

"बऱ्या आहात ना?" मी विचारते.

"मला काय धाड भरलीय. गुडघे दुखायचे थांबले बघ एकदाचे."

मी समोर बसते. इथे मी किती वेळा बसलेय त्याला गणती नाही. आमच्याकडे कुणी यायचं असलं की मी केतकीला वर आणून सोडायची. तन्मयचा वाढदिवस, संक्रांतीचं हळदीकुंकू, यांच्या ऑफिसातले साहेब. "काकू, दोन तास बसू दे का हिला?" काकूंनी कधी का म्हणून विचारलं नाही. तिचे केस विंचरायच्या, मेतकूट-भात भरवायच्या, आणि तिला वाती वळायला त्यांनीच शिकवलं. केतकीची बोटं आखूड, चमचासुद्धा नीट धरता यायचा नाही तेव्हा. काकूंनी तिचे तळवे हातात घेऊन वर्षभर रोज फिरवले. आमच्या सोसायटीतल्या चोवीस घरांपैकी तिला हात लावणारं हे एकच घर होतं. काकू गेल्यापासून आमची बेल दूधवाला आणि गॅसवाला सोडून कुणी वाजवलेली नाही. सणाच्या दिवशी जिन्यात पावलं वाजतात, आमच्या दारापाशी येऊन हलकी होतात आणि वर जातात. मी आतून ऐकत असते.

"आज कोण यायचंय तुझ्याकडे?" काकू विचारतात.

"तन्मयच्या सासरचे. घर बघायला."

"अगंबाई! मोठा झाला की. आणि केतकी?"

"मागच्या खोलीत."

"कडी कुरकुरते तिथली."

"तेल घातलंय."

"कसलं?"

"खोबरेल."

काकू हातातला कापूस खाली ठेवतात. "खोबरेल थंडीत थिजतं गं. मग कडी आणखी घट्ट बसते आणि काढताना खाडकन वाजते. मी एरंडेल घालायची."

मी त्यांच्याकडे बघत राहते. त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार आहे. दाराला बाहेरून कडी आहे, कडी लावलेली आहे आणि तिच्यावर तेलाचा पातळ ओघळ चकाकतोय.

खोली आता भरलीय. भजनी मंडळाच्या बायका भिंतीला टेकून बसल्यात, आणि हे काकूंचं घर नसून गणपतीच्या देवळाचा मंडप आहे. मध्ये मोठी परात. काकूंच्या लक्षवातींचं उद्यापन आहे. एक लाख वाती वळून देवापुढे जाळायच्या असा संकल्प काकूंनी सोडला होता आणि तो पुरा व्हायला तीन वर्षं लागली. तुपात भिजलेल्या वातींचा डोंगर एका बाजूनं पेटलाय. धुरानं डोळ्यांत पाणी येतंय आणि बायका म्हणतायत, "काकू, या वयात काय हो तुमच्या हाताला वळण!" "एकटीनं एक लाख म्हणजे गंमत नाही." काकू मान खाली घालून हसतायत.

मी परातीजवळ वाकते. वाती आखूड आहेत. पोटात जाड, आणि टोकाला कापसाचं शेपूट सुटलेलं. काकूंची वात सुतासारखी सरळ असायची, सबंध सोसायटीला माहीत होती. यातल्या शंभरात दहासुद्धा त्यांच्या नाहीत.

"या केतकीच्या आहेत," मी म्हणते.

"हळू बोल," काकू म्हणतात.

"काकू, या केतकीच्या आहेत. तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? त्या मंद मुलीनं वळल्या म्हणून? देवाला चाललं असतं, शालन. देवाचं काय आहे, त्याला कापूस मिळाल्याशी मतलब. बायकांना चाललं नसतं. एकीनं जरी नाक मुरडलं असतं ना, तर तीन वर्षांच्या वाती बाजूला काढाव्या लागल्या असत्या. तिच्या डोळ्यांदेखत. मग?"

"म्हणून आत ठेवलीत?"

"मंडळ आलं की आत ठेवायची. नेहमीच. तुला माहीत होतं."

"मला नव्हतं माहीत."

"श्रावणातला शुक्रवार होता. तू लवकर आली होतीस तिला न्यायला. मंडळ बसलं होतं. तू आत पाऊल टाकलंस आणि त्या दाराकडे पाहिलंस. कडी पाहिलीस. तू पाहिलंस ते मी पाहिलं."

मला सगळं आठवतं. इतकं लख्ख आठवतं की मला स्वतःची किळस येते. मी चप्पल काढली होती. बायकांनी सरकून जागा करून दिली होती आणि मला त्याचा आनंद झाला होता, कारण किती दिवसांनी कुणीतरी सरकून जागा दिली होती. कुणीतरी विचारलं, "मुलगी बरी आहे ना?" आणि मी म्हटलं, "हो, झोपलीय."

"मी चिवडा खाल्ला," मी म्हणते.

"दोनदा घेतलास."

परातीतल्या वाती चुरचुरतायत. बायका केव्हा उठून गेल्या कळत नाही. पुन्हा काकूंची खोली, दुपारचं ऊन, कापसाचे तंतू हवेत. मी त्या दाराकडे कान देते. आत केतकी आहे हे मला ठाऊक आहे, पण काही ऐकू येत नाही.

"आवाज नाही येत," मी म्हणते.

"ती कधी वाजवायची नाही दार. एकदासुद्धा नाही. मी इकडे बसून वाट बघायची, वाजव गं बाई, वाजव. वाजवलंस तर मी उघडीन, मग कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. तिनं वाजवलं नाही आणि मी उघडलं नाही." काकू चष्मा काढून पदरानं पुसतात. "चांगलं वागले म्हणून माझ्या तेराव्याला तू किती रडलीस. मला ऐकवेना."

मला त्यांचा राग यायला हवा. येतही असेल कुठेतरी खोल. पण वर येते ती भीती, आणि तिच्यापायी मी पुढे सरकून त्यांचा हात धरते. हात गार आहे, दुधानं ओला.

"काकू, आजच्या दिवस ठेवून घ्या तिला. पाच ते सात. एकदा लग्न पार पडू दे. त्यांनी मोडलं तर तन्मय मला जन्मभर बोलेल. नाही बोलला तर तिला बोलेल. आजच्या दिवस फक्त."

"माझ्याकडे कुठे ठेवतेस, शालन?" त्या अगदी मायेनं म्हणतात. "मी नाहीये ना आता."

मी बघते तर खोलीत काही नाही. पितळी डबे नाहीत, देव्हारा नाही, भिंतीवर कॅलेंडरच्या जागी फिकट चौकोन राहिलाय. पुतण्यानं सगळं नेलं तशीच खोली आहे. फक्त काकू बसल्यात आणि त्यांच्यामागे ते दार.

"मग मी जाऊ कुणाकडे?" मी लहान मुलीसारखी रडायला लागते. "मला या गावात एक घर नाही हो काकू. तीस वर्षं झाली. माझ्या बहिणीच्या लेकीचं डोहाळजेवण झालं, बहिणीनं मला बोलावलं आणि म्हणाली, तू एकटीच ये. गरोदर बाईच्या नजरेला नको म्हणे. गेले मी. एकटीच गेले! ओटी भरली, डिंकाचा लाडू खाल्ला आणि घरी येऊन हिला सांगितलं, देवळात गेले होते. मी तरी कुठे वेगळी आहे? लोकांना नावं ठेवायची आणि लोकांच्या आधी मीच कडी लावायची."

"रडू नको."

"रडू नको तर काय करू?"

"हात पुढे कर."

मी हात पुढे करते. काकू माझ्या तळव्यावर एक वात ठेवतात. आखूड, जाडसर, शेपूट सुटलेली.

"कुणाची?"

"केतकीची."

"हे कधी सांगितलंस का कुणाला? माझं सोड. मी गेले ते न सांगताच गेले." त्या माझी बोटं एकेक करून मिटतात. "आता तुझ्याकडेच आहे ते. ऊठ. पाच वाजले."

"थोडं बसा ना."

"ऊठ म्हणते ना. कांदे चिरायचे राहिलेत तुझे."

आतल्या दाराची कडी खाडकन वाजते.

मी उठून बसते. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आलाय. तोच असणार. घड्याळात पाचला सात मिनिटं आहेत. कांदे टोपलीत तसेच. अंगणातून यांचा आवाज येतोय, "या, या, जिना जरा अरुंद आहे," आणि तन्मयचं उगीच मोठ्यानं हसणं.

जमिनीवर केतकी नाही. ताट नाही. पाण्याची वाटी तेवढी आहे.

"केतकी?"

मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं आहे. ती आत कॉटच्या कडेला बसलीय. तिचा चांगला पंजाबी ड्रेस तिचा तिनं घातलाय, ओढणी उलटी झालीय. केसांना पाणी लावून भांग पाडलाय. वातींचं ताट मांडीवर आहे. मला बघून ती हसते, आणि मग शहाण्यासारखं तोंडावर बोट ठेवते.

"माणसं आली," ती कुजबुजते. "आई, कडी लाव."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहते. तिला हे कुणी सांगितलं नाही. मी नाही, तिच्या बाबांनी नाही. ती सकाळपासून मला कडी लावून-काढून बघताना पाहत होती, आणि त्याच्याही आधी वीस वर्षं काकूंकडची कडी. तिनं दार का वाजवलं नाही कधी, ते मला आत्ता कळतंय. कुणी सरकून जागा करून दिली की मला बरं वाटतं, तसं तिला वाटत असेल की आपण आत बसलो की आईला बरं वाटतं. तिनं माझ्यासाठी केलं हे. रडायला वेळ नाही, नाहीतर मी तिथेच बसले असते.

डावी मूठ मिटलेली आहे हे तेव्हा लक्षात येतं. उघडते. तळव्यावर वात आहे. आखूड, जाडसर, टोकाला शेपूट. मी झोपले असताना तिनंच ठेवली असेल हातात, ती ठेवते कधीकधी. वात ओली आहे. नाकाजवळ नेते. दुधाचा वास येतो.

फ्रिज उघडून दूध कमी झालंय का ते बघायला मी जात नाही.

बेल वाजते.

"कडी लाव ना," केतकी म्हणते. तिला माझी काळजी वाटतेय.

"नाही लावायची," मी म्हणते. "ऊठ. इकडे ये." तिची ओढणी सरळ करते. एका खांद्यावर लांब येते, पुन्हा सारखी करते. बाहेर बेल दुसऱ्यांदा वाजते आणि तन्मय हाक मारतो, "आई?" त्या हाकेत भीती आहे. त्याला वाटतंय मी अजून आवरतेय. हे मोडू शकतं. आजच, या दारातच मोडू शकतं, आणि तसं झालं तर माझा मुलगा मला काय म्हणेल ते मला माहीत आहे.

"ताट घे बरोबर," मी केतकीला सांगते. "वाती कुणी केल्या विचारलं तर काय सांगशील?"

ती विचार करते. "काकूंनी," ती म्हणते.

"नाही गं. तू केल्यास. सांग बघू."

"केतकीनं," ती म्हणते. एवढ्या हळू म्हणते की मलाच वाकून ऐकावं लागतं.

"मोठ्यानं."

"केतकीनं केल्या!"

बाहेरचं बोलणं थांबतं. त्यांनी ऐकलंय. ओला कापूस मुठीत धरून मी तिच्या मागोमाग बाहेरच्या दारापाशी जाते आणि केतकी दार उघडते.